पांढऱ्या ठिपक्यांचं कूळ

झाडीपट्टीतल्या गावाची ओळख विचारली की बहुतेकदा आधी तलावाचं नाव येतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात धान पिकतं ते तलावांच्या आणि बांधीलगत खोदलेल्या बोड्यांच्या भरवशावर. गोंड राजांच्या अमलात जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगितली जाते. कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार नजरेनं जोखून मातीच्या पाळी घातल्या. त्यांतल्या कितीतरी अजून पाणी धरून आहेत. पुढे मालगुजार आले आणि तलावांना त्यांचं नाव लागलं. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि गावानं कोणतं पाणी कशासाठी वापरायचं ते निस्तार हक्क म्हणून कागदावर आलं. पूर्व विदर्भात असे माजी मालगुजारी तलाव सहा हजारांवर आहेत.

निस्तार म्हणजे सगळंच. त्याच पाण्यात आंघोळ, त्यातच कपडे, त्यातच म्हशी बसलेल्या, एका अंगाला शिंगाड्याचे वेल, दुसऱ्या अंगाला ढिवरांची जाळी. उन्हाळ्यात पाणी आटून गढूळ होतं तेव्हाही पोरं त्यात बुड्या मारतात, कारण दुसरं पाणी जवळ नसतं. या पाण्याशी जोडलेला एक आजार आहे. बंगाल-ओडिशापासून छत्तीसगडमार्गे खाली केरळ, तमिळनाडू आणि पलीकडे श्रीलंकेपर्यंत त्याचा पट्टा जातो, आणि गडचिरोलीची पूर्वेकडची सगळी हद्द छत्तीसगडला लागून आहे. जगातले बहुतांश रुग्ण भारत आणि श्रीलंका या दोन देशांतलेच आहेत.

रुग्ण येतो तो एवढंच सांगत येतो की नाकात मांस वाढलंय. एक नाकपुडी बंद, अधूनमधून रक्त, कधी घशामागे काहीतरी लोंबतंय अशी जाणीव. टॉर्च लावून पाहिलं की लालभडक, खडबडीत, हात लावताच रक्त येणारी गाठ दिसते आणि तिच्यावर बारीक पांढरे ठिपके. पाठ्यपुस्तकं तिला स्ट्रॉबेरीची उपमा देतात. सुमारे ७० टक्के रुग्णांत ही गाठ नाकात असते, काहींच्या डोळ्याच्या अस्तरावर येते, क्वचित कातडीवर आणि हाडातही. जीव सहसा जात नाही. पण गाठ कापली तरी पुन्हा उगवते, आणि एकाच माणसावर चार-पाच वेळा शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात जागोजाग आहेत. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला प्रत्येक खेपेला नागपूरची वाट, बुडालेली मजुरी आणि सांडलेलं रक्त यांचा हिशेब द्यावा लागतो.

आजाराचं नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. तो करणाऱ्या जीवाचं नाव ऱ्हायनोस्पोरिडियम सीबरी. हा जीव नेमका कोण, या प्रश्नाला उत्तर मिळायला जवळजवळ १०० वर्षं लागली, आणि त्यांतली पाऊणशे वर्षं तो बुरशीच्या यादीत होता. ते उत्तर अखेर जनुकांनी दिलं.

हकिकत सुरू होते अर्जेंटिनात. १९०० मध्ये ब्युनोस आयर्सच्या विद्यापीठात गिएर्मो सीबर या तरुण डॉक्टरनं नाकातल्या गाठींच्या दोन रुग्णांवर प्रबंध सादर केला. गाठीच्या आत त्याला गोल पिशव्या दिसल्या, पिशव्यांत असंख्य कण. हा एक नवा परजीवी आहे, प्राणिसृष्टीच्या तळाशी असलेल्या एकपेशीय जीवांपैकी, असं त्यानं मांडलं. तीन वर्षांनी, १९०३ मध्ये, कोलकात्यात काम करणाऱ्या ओकिनीली नावाच्या शल्यचिकित्सकानं एका भारतीय तरुणाच्या नाकातली अशीच गाठ इंग्लंडच्या नियतकालिकात वर्णन केली. त्याला सीबरच्या प्रबंधाचा पत्ता नव्हता. १९०५ मध्ये मिंचिन आणि फँथम या दोन इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी कोलकात्याच्या या जीवाला ऱ्हायनोस्पोरिडियम किनीली असं नाव दिलं आणि त्यांनीही तो एकपेशीय प्राण्यांच्याच घरात ठेवला. दोन खंडांतला जीव एकच आहे हे सीबरनं पुढे १९१२ मध्ये ठासून सांगितलं. अर्जेंटिनात वेर्निके यांनी सीबरच्या नावावरून त्याचं बारसं १९०३ मध्येच केलं होतं, म्हणून शेवटी सीबरचं नाव टिकलं.

जीवाची जागा बदलली ती एडिंबरोत. तिथले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स हार्टली ॲशवर्थ यांनी १९२३ मध्ये एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे होती एका भारतीय रुग्णाच्या नाकातून काढलेली गाठ. तिचे पातळ काप करून, रंगवून, त्यांनी या जीवाचं सगळं आयुष्य पायरीपायरीनं मांडलं. सुरुवातीला एक लहान गोल पेशी, तिच्यात एक केंद्रक. ती ऊतींतल्या रसावर वाढत जाते, केंद्रक दुभंगत जातं, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि अशा १४ विभाजनांनंतर पिशवीत सुमारे १६,००० बीजाणू तयार होतात. पिशवी तोवर इतकी मोठी होते की नुसत्या डोळ्यांना दिसते. गाठीवरचे पांढरे ठिपके म्हणजे या फुगलेल्या पिशव्या. मग भिंतीला एक छिद्र पडतं, बीजाणू बाहेर सांडतात, आणि शिंकेबरोबर, शेंबडाबरोबर काही पाण्यात, काही शेजारच्या ऊतीत जातात. शंभर वर्षांपूर्वी केवळ सूक्ष्मदर्शक आणि हाताचं कसब यांवर केलेलं हे काम आजही आधाराला घेतलं जातं.

पण जाड भिंतीची पिशवी आणि तिच्यात बीजाणू हा थाट ॲशवर्थना बुरशीचा वाटला. पाण्यात राहणाऱ्या चिट्रिड गटाच्या बुरशांजवळ त्यांनी या जीवाला बसवलं. त्यांच्या हाती असलेल्या साधनांनी दुसरा निष्कर्ष निघणं कठीण होतं. आकारावरून नातं ठरवण्याचा तो काळ होता, आणि दोन अगदी परके जीव सारख्या पाण्यात सारखं आयुष्य काढू लागले की आकारानं सारखे होऊ शकतात, ही अडचण त्या पद्धतीतच होती. निबंधाचं वजन मात्र एवढं होतं की पुढच्या पिढ्यांनी ऱ्हायनोस्पोरिडियम बुरशीच्या प्रकरणात वाचलं, शिकवलं आणि तसंच पुढे दिलं.

महाराष्ट्राचं नाव या इतिहासात १९३३ मध्ये येतं. ए. जे. नोरोन्हा यांनी पुण्यातल्या वाळू काढणाऱ्या मजुरांत हा आजार किती आढळतो यावर एक टिपण उष्णकटिबंधीय आजारांच्या इंग्रजी नियतकालिकात छापलं. मला या टिपणाचं महत्त्व एडिंबरोच्या निबंधाइतकंच वाटतं. ॲशवर्थनी जीव पाहिला, नोरोन्हांनी माणूस काय काम करतो ते पाहिलं. आजार त्यांनी कामावर नेऊन ठेवला: नदीच्या पाण्यात उतरून तळाची वाळू उपसणारा मजूर. १९३७ मध्ये मंडलिक यांनी इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये अशा गाठींची नोंद देताना संसर्ग कसा होत असावा याची चर्चा केली. त्यानंतरची प्रचलित समजूत अशी, की वाळूच्या कणांनी किंवा काडीकचऱ्यानं नाकाचं अस्तर खरचटतं आणि त्या ओरखड्यातून पाण्यातला जीव आत शिरतो. तलावात गाळ ढवळत पोहणाऱ्या पोरांना, गाळ काढणाऱ्यांना, खाली वाकून जाळं ओढणाऱ्यांना ती जशीच्या तशी लागू पडते. १९९० च्या दशकात सर्बियात तलावात पोहणाऱ्यांमध्ये याचा उद्रेक झाला तेव्हा युरोपलाही तेच दिसलं.

उपचारांची वाट मात्र चाचपडतच गेली. अँटिमनीची संयुगं टोचून झाली. १९३६ मध्ये ॲलन आणि दवे यांनी ६० रुग्णांच्या अनुभवावर उपचारांचा मोठा लेख लिहिला. पुढे बुरशीविरोधी औषधं निघाली तेव्हा स्वाभाविकपणे तीही दिली गेली. जीव बुरशीच्या यादीत असेल तर डॉक्टर दुसरं काय देणार? ही औषधं मुख्यतः बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलवर घाव घालतात, आणि इथे त्यांचा भरवशाचा उपयोग दिसेना. प्रयोगशाळेत हा जीव वाढवता येईना, हे दुसरं कोडं. बुरशी वाढवण्याच्या माध्यमांवर ऊतीचे तुकडे ठेवून पाहिले, पेशींच्या थरांवर पाहिले. अधूनमधून यश मिळाल्याचे दावे झाले, पण कोणताही दावा दुसऱ्या प्रयोगशाळेत उभा राहिला नाही. आजही तो काचेच्या बशीत वाढत नाही. श्रीलंकेत करुणारत्ने यांनी १९६४ मध्ये या आजारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तरी जीवाच्या कुळाबद्दलची शंका तिथेच राहिली.

जो जीव वाढवता येत नाही त्याची ओळख कशी पटवायची? इथे जनुकशास्त्र कामाला आलं, आणि तेही आडवाटेनं.

प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारं रायबोसोम असतं. त्याच्या लहान भागाचा आराखडा देणारं जनुक माणसात, बुरशीत, माशात, धानात, सगळ्यांत असतं. केंद्रक असलेल्या जीवांत त्याला १८-एस म्हणतात. त्यात साधारण १,८०० अक्षरं. या जनुकाशिवाय पेशी जगत नाही, म्हणून ते फार सावकाश बदलतं. काही टापू कोट्यवधी वर्षं जवळपास तसेच राहतात, काही हळूहळू वेगळे होत जातात. दोन जीवांच्या अक्षरांची ओळीनं तुलना केली की त्यांचे पूर्वज किती मागे वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो. कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये याच मार्गानं जीवसृष्टीची एक अख्खी नवी शाखा दाखवून दिली होती. १९८० च्या दशकात कॅरी मुलिस यांची पीसीआर पद्धत आली आणि चिमूटभर ऊतीतल्या डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती करता येऊ लागल्या. मग १९९० मध्ये टॉम व्हाइट, टॉम ब्रन्स, स्टीव्हन ली आणि जॉन टेलर या चौघांनी बुरशीचं रायबोसोमी जनुक वाचण्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या आखूड तुकड्यांचा, म्हणजे प्रायमरांचा, संच प्रसिद्ध केला. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत अनोळखी बुरशी आली तर बहुधा याच चौघांचे प्रायमर बाटलीतून निघतात. त्या प्रायमरांनी वाचता येणारा आयटीएस हा टापू २०१२ मध्ये सगळ्या बुरशांचं अधिकृत जनुकीय ओळखचिन्ह म्हणून स्वीकारला गेला.

या पद्धतीनं जुन्या याद्यांना धक्के बसू लागले होते. एड्सच्या साथीत फुप्फुसं बंद पाडणारा न्यूमोसिस्टिस हा जीव तोवर एकपेशीय प्राणी मानला जाई. १९८८ मध्ये त्याचं रायबोसोमी आरएनए वाचलं गेलं आणि तो बुरशी ठरला. ऱ्हायनोस्पोरिडियमच्या वाट्याला याच्या उलट व्हायचं होतं.

त्याआधी भारतात एक वेगळाच वाद उभा राहिला. दिल्लीच्या के. बी. अहलुवालिया यांनी १९९२ पासून मांडायला सुरुवात केली की गाठीतल्या पिशव्या मुळात बुरशीच्या नाहीतच. तलावांच्या पाण्यावर हिरवी साय धरणारा मायक्रोसिस्टिस हा नीलहरित जिवाणू या आजाराचं कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. १९९७ मध्ये त्यांनी हा प्रश्न सुटल्याचा लेखही लिहिला. रुग्ण ज्या तलावात उतरतात त्याचं पाणी घेऊन ते गाठीशी ताडून पाहावं, हा त्यांचा विचार योग्य होता आणि तो दुर्मीळ होता. बुरशीच्या यादीवर शंका घेण्याचं धाडसही त्यांनी दाखवलं. पण नीलहरित जिवाणूला केंद्रक नसतं, आणि ॲशवर्थनी १९२३ मध्येच केंद्रकांची १४ विभाजनं मोजून ठेवली होती. या एका निरीक्षणापुढे मायक्रोसिस्टिसचा दावा मला टिकणारा वाटत नाही.

निकाल लागला १९९९ मध्ये. श्रीलंकेत पेराडेनिया विद्यापीठात सरथ अर्सेकुलरत्ने अनेक वर्षं या आजारावर काम करत होते. रुग्णांच्या गाठी त्यांच्याकडे होत्या. अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात लिओनेल मेंदोसा आणि रॉजर हर होते. त्यांच्या जोडीला वैद्यकीय बुरशीशास्त्रातले ज्येष्ठ लिबेरो अजेलो आणि १९९० च्या प्रायमरांवाले तेच जॉन टेलर. काम नाजूक होतं. गाठीत माणसाच्या पेशी, रक्त, नाकातले जिवाणू, पाण्यातून आलेल्या बुरशा, सगळ्यांचा डीएनए मिसळलेला. पिशव्या आणि बीजाणू त्यातून आधी वेगळे करून स्वच्छ करावे लागले, मग त्यांतला डीएनए काढून १८-एस जनुक वाचलं गेलं. अक्षरं बुरशीशी जुळेनात. प्राण्यांशीही जुळेनात. ती जुळली माशांच्या परजीवींच्या एका छोट्या, दुर्लक्षित गटाशी.

या गटाची ओळख जेमतेम तीन वर्षांपूर्वी, १९९६ मध्ये झाली होती. ट्राउट-सामनच्या कल्ल्यांत गाठी करणारा डर्मोसिस्टिडियम, सामनलाच मारणारा एक रोझेट नावाचा जीव, हेरिंगसारख्या माशांतला इक्थिओफोनस आणि गोड्या पाण्यातल्या क्रेफिशमधला प्सोरोस्पर्मियम. चौघांच्या आद्याक्षरांवरून शास्त्रज्ञ त्यांना ड्रिप म्हणत. वंशवृक्षावर त्यांची फांदी प्राणी आणि बुरशी यांच्या दुभाजनाजवळ फुटते, प्राण्यांच्या बाजूला. गटात तोवर फक्त जलचरांचे परजीवी होते. ऱ्हायनोस्पोरिडियम हा त्यातला माणसापर्यंत पोहोचलेला पहिला ज्ञात सदस्य.

एका प्रयोगशाळेच्या शब्दावर शंभर वर्षांचा वाद मिटत नाही, आणि मिटूही नये. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड फ्रेड्रिक्स, डेव्हिड रेल्मन आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे त्याच प्रश्नावर होते. रेल्मन यांनी १९९२ मध्ये व्हिपल आजाराचा वाढवता न येणारा जिवाणू असाच जनुकावरून ओळखला होता, त्यामुळे ही वाट त्यांच्या पायाखालची होती. २००० मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा पाण्यातल्या आदिजीव परजीवींच्या नव्या गटातला. त्यांनी आणखी एक पायरी केली, आणि या साऱ्या हकिकतीत मला ती सर्वांत मोलाची वाटते. वाचलेल्या अक्षरांना चिकटेल असा आखूड डीएनए तुकडा बनवून त्यांनी त्याला चमकणारा रंग जोडला आणि तो गाठीच्या कापावर सोडला. चमकल्या त्या ॲशवर्थनी चितारलेल्या पिशव्या आणि बीजाणूच. म्हणजे वाचलेलं जनुक पाण्यातून योगायोगानं आलेल्या कुणा तिऱ्हाइताचं नव्हतं. पीसीआर फार संवेदनशील असते, नको ते पाहुणेही पकडते; ऊतीत बोट ठेवून दाखवल्याशिवाय नुसत्या अक्षरांवर विश्वास ठेवणं धोक्याचं. अहलुवालिया आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गाठीतल्या गोल पिंडांत जिवाणूसारखं १६-एस जनुक सापडल्याचं लिहिलं, तेव्हा विरुद्ध बाजूचा आक्षेप नेमका हाच होता, पाण्यातल्या परक्या डीएनएची भेसळ.

सीबरनं १९०० मध्ये जीवाला प्राणिसृष्टीच्या तळाशी ठेवलं होतं. जनुकांनी दिलेली जागा त्याच्या अंदाजाला ॲशवर्थच्या अंदाजापेक्षा जवळची आहे.

नाव बदलून झाडीपट्टीतल्या रुग्णाला काय मिळालं, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. निदान आजही सूक्ष्मदर्शकावरच होतं. गाठीचा तुकडा रंगवून पाहिला की पिशव्या ओळखायला जनुकीय तपासणी लागत नाही. मुख्य उपचारही तोच, गाठ मुळासकट काढायची आणि तळ जाळून टाकायचा, म्हणजे सांडलेल्या बीजाणूंतून ती परत फुटण्याची शक्यता कमी होते. पण बुरशीची महागडी आणि मूत्रपिंडाला त्रास देणारी औषधं वायफळ देण्याला आता शास्त्रीय आधार उरलेला नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण येऊ लागले, अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव फिरले, आणि केंद्रानं मे महिन्यात हा आजार कळवणं बंधनकारक करायला राज्यांना सांगितलं. नाकातच सुरू होणारा तोही आजार. तिथे ती बुरशी होती, ते औषध जीव वाचवत होतं, तासातासाचं मोल होतं. नाकातल्या काळ्या खपलीला आणि नाकातल्या लाल गाठीला एकच औषध नाही. कोणता जीव आहे हे ठाऊक असणं किती अत्यावश्यक आहे, ते त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पाहिलं. दिल्लीतल्या रुग्णालयांत सापडलेली कँडिडा ऑरिस ही यीस्टही अशीच. तपासणी यंत्रं तिला भलत्याच नावानं नोंदवत होती. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी जनुकीय अक्षरं वाचून २०१३ मध्ये ती खरी कोण ते सांगितलं, आणि मगच अनेक औषधांना ती दाद का देत नाही याचा माग सुरू झाला.

ऱ्हायनोस्पोरिडिओसिसमध्ये शस्त्रक्रियेच्या जोडीला दिलं जाणारं औषध डॅप्सोन आहे. नायर यांनी १९७९ मध्ये त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ते बीजाणूंची वाढ अडवतं आणि गाठ परतण्याचं प्रमाण कमी करतं असा अनुभव आहे. चंद्रपूर जिल्ह्याला या गोळीची ओळख करून द्यावी लागत नाही. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं त्याच काळात डॅप्सोन कुष्ठरोगाचं मुख्य औषध म्हणून जगभर पोहोचत होतं. मात्र ही गोळी गडचिरोलीत देताना एक पथ्य पाळायलाच हवं. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या लाल पेशी डॅप्सोननं फुटतात. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत हा दोष आढळतो, आणि गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं ओझंही मोठं आहे. ज्या माणसाचं हिमोग्लोबिन आधीच तळाला आहे, त्याला रक्त सांडणारी शस्त्रक्रिया आणि रक्त फोडणारी गोळी एकामागोमाग द्यायची तर त्याआधी एक साधी रक्ततपासणी झालीच पाहिजे. परजीवीचं जनुक वाचून झालं, तरी रुग्णाचं वाचायचं राहून चालणार नाही.

जनुकांनी दिलेला दुसरा लाभ पाण्याबद्दलचा आहे. या जीवाचे सगळे नातेवाईक पाण्यातले, म्हणून त्याचं मूळ घर पाण्यात, मातीत, हवेत की शेणात ही जुनी चर्चा एका बाजूला झुकली. २००८ मध्ये श्रीलंकेत कलुआरच्ची, अर्सेकुलरत्ने आणि सहकाऱ्यांनी याच जीवाला चिकटणारे जनुकीय शोधक तुकडे वापरून जलाशयांच्या पाण्यात तो असल्याचं दाखवलं. तीन वर्षं आधी, २००५ मध्ये, सिल्वा, मेंदोसा आणि सहकाऱ्यांनी माणूस, कुत्रा आणि हंस यांच्या गाठींतल्या ऱ्हायनोस्पोरिडियमचा आयटीएस टापू वाचला होता, तेव्हा प्रत्येक यजमानाचा वाण वेगळा निघाला. हा आजार गुरांना आणि घोड्यांनाही होतो. त्यामुळे म्हशी उतरतात म्हणून माणसांना आजार होतो, असं सरसकट म्हणणं आता धाडसाचं आहे. म्हशीच्या नाकातल्या गाठीतला वाण आणि तिला धुणाऱ्या माणसाच्या नाकातला वाण शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्याचा निवाडा होणार नाही. गावाचे निस्तार हक्क याच पाण्यावर आहेत, आणि चुकीच्या समजुतीवर कोणाच्या म्हशी किंवा कोणाची जाळी तलावातून हाकलली गेली तर तो अन्यायच ठरेल.

हे काम परदेशात पाठवायची गरज नाही. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. पीसीआर यंत्रं कोविडनं जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवली आणि ती चालवणारी माणसंही तयार केली. लागेल ते एवढंच: शस्त्रक्रियेत काढलेल्या प्रत्येक गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता अल्कोहोलमध्ये जपायचा, कारण फॉर्मॅलिन डीएनए तोडून ठेवतं, रुग्णाच्या कागदावर त्याचं काम काय आणि तो कोणत्या पाण्यात उतरतो हे नोरोन्हांसारखं लिहायचं, आणि त्या तलावाचं पाणी दोनदा घ्यायचं, एकदा रोवण्याच्या दिवसांत तुडुंब असताना आणि एकदा मे महिन्यात, गाळ वर आलेला असताना.